ऐच्छिक विषयांची सावड : अमेरिकेतील छोट्या शाळा आणि दूरशिक्षणाचे सामायिक जाळे

शालेय अभ्यासक्रमाच्या इतिहासलेखनात सक्तीच्या विषयांना जेवढी जागा मिळते तेवढी ऐच्छिक विषयांना मिळालेली दिसत नाही. गणित कोणी शिकावे हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. ते सर्वांनीच शिकायचे असते, म्हणून गणिताचा शिक्षक प्रत्येक शाळेला नेमावाच लागतो. ऐच्छिक विषयाचे तसे नाही. तो मागणारे थोडे असतात आणि ते एका ठिकाणी नसतात. एका गावच्या माध्यमिक शाळेत जर्मन शिकू इच्छिणारे तीन विद्यार्थी, शंभर मैलांवरच्या शाळेत चार, तिसऱ्या शाळेत एकच. आणि या आठांसाठी तीन शिक्षक नेमणे कोणत्याही शिक्षण मंडळाच्या अंदाजपत्रकात बसणारे नसते. परिणामी शाळेच्या माहितीपत्रकात 'ऐच्छिक' म्हणून छापलेला विषय प्रत्यक्षात त्या विद्यार्थ्याच्या इच्छेवर अवलंबून राहत नाही. तो शाळेच्या पटसंख्येवर अवलंबून राहतो.

विसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या अडचणीवर तीन उत्तरे शोधली गेली. छोट्या शाळा मोडून त्यांची एक मोठी शाळा करावी, हे पहिले. एखाद्या केंद्राने पाठ तयार करून टपालाने, आकाशवाणीने किंवा उपग्रहाने शाळांना पुरवावेत, हे दुसरे. तिसरे उत्तर सर्वांत उशिरा आले आणि त्याचा गाजावाजाही कमी झाला. ते असे की शाळांनी आपापसांत शिक्षकांची देवघेव करावी. ज्या शाळेकडे जो शिक्षक असेल तो तिने सर्वांना द्यावा आणि बदल्यात इतरांचे घ्यावेत. कोकणात आणि घाटावर शेतीच्या हंगामात मजुरीचे पैसे न देता एकमेकांच्या शेतात राबण्याची जी रीत आहे, तिला 'सावड' म्हणतात. तिसऱ्या उत्तराचे स्वरूप या शब्दाने जितके नेमके सांगता येते, तितके 'सहकार' या व्यापक शब्दाने सांगता येत नाही. सावडीत हिशोब असतो. फक्त तो पैशांत मांडलेला नसतो.

मुळात ऐच्छिक विषयाची कल्पना अमेरिकी शाळेत वरून खाली झिरपली. हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विषय निवडण्याचे स्वातंत्र्य दिले. त्यांच्याच अध्यक्षतेखालील 'दहांच्या समिती'ने १८९३ साली माध्यमिक शाळांच्या अभ्यासक्रमाविषयी अहवाल दिला, आणि पुढच्या पाव शतकात लॅटिन-ग्रीकच्या जोडीला आधुनिक भाषा, वाणिज्य, यंत्रकाम, गृहशास्त्र असे विषय शाळांत आले. १९०६ च्या सुमारास 'कार्नेगी एकक' रूढ झाले. एका विषयाच्या वर्षभरातील सुमारे १२० तासांच्या अध्यापनाला एक एकक, आणि अशी ठरावीक एकके जमली की शाळान्त प्रमाणपत्र. या एककावर शिक्षणतज्ज्ञांनी पुढे पुष्कळ टीका केली आणि ती बव्हंशी रास्तही आहे, कारण शिक्षण तासांनी मोजण्याची सवय त्यानेच लावली. मात्र या निबंधाच्या विषयापुरते त्याचे महत्त्व वेगळे आहे. एकक हे चलन होते. एका शाळेत मिळवलेले एकक दुसऱ्या शाळेत चालत असे, आणि असे चलन नसते तर पुढे आलेली कोणतीही सामायिक व्यवस्था उभी राहू शकली नसती.

एकत्रीकरणाचा इतिहास सर्वज्ञात असल्याने तो थोडक्यात सांगता येतो. १९३९-४० मध्ये देशात सुमारे १,१७,००० शालेय जिल्हे होते. १९७०-७१ मध्ये ते सुमारे १८,००० उरले. या लाटेला वैचारिक अधिष्ठान मिळवून देणारे पुस्तक म्हणजे हार्वर्डचेच माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांचा १९५९ मधील अमेरिकी माध्यमिक शाळेवरील अहवाल. ज्या शाळेच्या शेवटच्या वर्गात शंभर विद्यार्थीही नाहीत, ती शाळा पुरेसा वैविध्यपूर्ण अभ्यासक्रम देऊ शकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. हिशोब म्हणून तो चुकीचा नव्हता. पण प्रेअरीतल्या एखाद्या गावात बँक बंद झालेली, रेल्वेचे स्थानक ओस पडलेले आणि शुक्रवारी रात्री गाव एकत्र येण्याचे एकच ठिकाण उरलेले असते, ते म्हणजे शाळेचे मैदान. अशा गावाला जर्मनच्या तासापायी शाळा गमावणे मान्य होणे शक्य नव्हते. दूरशिक्षणाच्या जाळ्यांना ग्रामीण भागात जो पाठिंबा मिळाला त्यामागे तंत्रज्ञानाचे आकर्षण फारसे नव्हते. शाळा वाचवण्याची ती धडपड होती. ही गोष्ट नंतरच्या तंत्रस्नेही लेखनात बहुधा हरवते.

या धडपडीचा आरंभ उपग्रहाच्या कितीतरी आधी टपालाने झाला. मिशिगन राज्यातील बेंटन हार्बर येथे १९२३ साली शाळा अधीक्षक सिडनी मिचेल यांनी एक साधी युक्ती केली. व्यवसायशिक्षणाचे जे विषय शिकवायला शाळेत माणूस नव्हता, त्यांचे पाठ खासगी पत्रद्वारा शाळांकडून मागवले आणि विद्यार्थ्यांना ते शाळेच्याच वेळात, शाळेच्याच खोलीत, एका शिक्षकाच्या नजरेखाली सोडवायला बसवले. पत्रद्वारा शिक्षण तेव्हा नवे नव्हते; एकट्याने घरी बसून शिकणाऱ्यांची गळती किती मोठी असते हेही सर्वांना ठाऊक होते. नवी होती ती खोली आणि तो शिक्षक. त्याला विषय येत नसे. त्याचे काम एवढेच की विद्यार्थी रोज त्या तासाला बसतो की नाही, पाठ वेळेवर पाठवतो की नाही, तपासून आलेल्या उत्तरपत्रिकेवरचे शेरे वाचतो की नाही, हे पाहायचे.

नेब्रास्का विद्यापीठाने १९२९ पासून हीच पद्धत राज्यातील छोट्या शाळांसाठी पद्धतशीरपणे राबवली. शालेय प्रशासनाचे प्राध्यापक नूट ब्रोडी यांनी तिचा हिरिरीने पुरस्कार केला. लिंकन येथील विद्यापीठातून पाठ निघत, गावच्या शाळेत पर्यवेक्षकासमोर सोडवले जात आणि तपासणीसाठी पुन्हा लिंकनला जात. ज्या शाळेत चारपाच शिक्षकच सारे विषय सांभाळत, तिथल्या एखाद्या मुलीला एकटीला लॅटिन किंवा पुस्तपालन घेता येऊ लागले. पाठोपाठ आलेल्या महामंदीत शाळांच्या तिजोऱ्या रिकाम्या झाल्या आणि या पद्धतीची निकड वाढली. १९३८ मध्ये कॅनडातील व्हिक्टोरिया येथे पत्रद्वारा शिक्षणाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तोवर 'पर्यवेक्षित पत्रद्वारा अभ्यास' ही संज्ञा शिक्षणशास्त्रात स्थिरावली होती.

युद्धोत्तर काळात टपालाची जागा चित्रवाणीने घ्यावी असे प्रयत्न झाले. त्यांपैकी एक आज वाचतानाही अद्भुत वाटतो. फोर्ड प्रतिष्ठानच्या साहाय्याने, इंडियानातील पर्ड्यू विद्यापीठाच्या तळावरून डीसी-६ जातीची विमाने उडत आणि माँटपेलियर या गावावर सुमारे २३,००० फुटांवर तासन्‌तास घिरट्या घालत. त्यांच्या पोटाखाली लोंबणाऱ्या प्रक्षेपकातून इंडियाना, ओहायो, इलिनॉय, मिशिगन, केंटकी आणि विस्कॉन्सिन या सहा राज्यांतील शाळांना पाठ दिसत. १९६१ ते १९६८ हा उपक्रम चालला. त्यात स्पॅनिशचेही पाठ होते. विमानातून येणारा पाठ ऐकता येई, पण विचारता काहीच येत नसे.

पुढचा टप्पा भारतीय वाचकाला परिचित आहे, जरी त्याचा पूर्वार्ध इथे क्वचितच सांगितला जातो. भारतातील 'साइट' हा उपग्रह-चित्रवाणीचा प्रयोग ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत झाला. त्यासाठी वापरलेला एटीएस-६ हा उपग्रह मे १९७४ मध्ये सोडला गेला आणि भारताच्या वाट्याला येण्यापूर्वी वर्षभर तो अमेरिकेतील शिक्षणप्रयोगांसाठी राबत होता. ॲपलेशियाच्या डोंगराळ भागात शिक्षकांचे प्रशिक्षण, रॉकी पर्वताच्या राज्यांत शाळकरी मुलांना व्यवसायमार्गदर्शन आणि अलास्कातील दुर्गम वस्त्यांसाठी कार्यक्रम, हे त्याचे पहिले वर्ष. मग तो पूर्वेकडे सरकवून आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवराच्या वर आणला गेला. दोन्ही देशांतील खेड्यांनी एकाच उपग्रहाकडे पाठोपाठ पाहिले. भारताने त्यातून शेती, आरोग्य आणि प्राथमिक शाळा यांना हाताशी धरले, तर अमेरिकेत दशकभरातच माध्यमिक शाळेच्या ऐच्छिक विषयाकडे वाट वळली.

हे वळण १९८३ मध्ये आले. त्या वर्षी एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ नेशन ॲट रिस्क' या राष्ट्रीय अहवालाने शाळांच्या घसरत्या दर्जाविषयी धोक्याची घंटा वाजवली आणि महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी शाळेतच दोन वर्षे परकीय भाषा शिकावी अशी शिफारस केली. राज्यांनी एकामागून एक आपल्या अटी कडक केल्या. टेक्ससने १९८४ मध्ये शिक्षणसुधारणेचा मोठा कायदाच केला. मोठ्या शहरांतील शाळांना या अटी जड गेल्या नाहीत. दोनशे मुलांच्या शाळेत मात्र भौतिकशास्त्राला पात्र शिक्षक नव्हता, कलनशास्त्राला नव्हता, भाषेला तर नव्हताच. अट पाळली नाही तर मान्यता धोक्यात. मान्यता गेली की एकत्रीकरण अटळ. जो विषय काल ऐच्छिक होता, त्यावर आता शाळेचे अस्तित्व टांगले गेले.

ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातील जर्मनचे प्राध्यापक हॅरी वोलर्ट यांनी १९८५ मध्ये 'जर्मन बाय सॅटेलाइट' सुरू केले ते या पार्श्वभूमीवर. आठवड्यातून दोन दिवस ते विद्यापीठाच्या चित्रीकरणकक्षातून थेट शिकवत आणि मुले दूरध्वनीवरून त्यांच्याशी बोलत; उरलेल्या दिवशी मुले संगणकावर सराव करत. परक्या भाषेच्या अध्यापनात विद्यार्थ्याचा आवाज शिक्षकाने ऐकणे अनिवार्य असते. पडद्यावरील गुरूने बोललेले शेकडोंना ऐकू जाते, पण शेकडोंचे उच्चार एका गुरूला कसे ऐकू यावेत? वोलर्ट यांच्या पद्धतीत संगणकाचा सराव आणि दूरध्वनी यांच्या जोडीला वर्गात बसणारा स्थानिक शिक्षक होता. तो इतिहासाचा असेल, शारीरिक शिक्षणाचा असेल; जर्मन त्याला येत नसे. बेंटन हार्बरच्या खोलीतला पर्यवेक्षक साठ वर्षांनी पुन्हा त्याच खुर्चीवर आला होता. कित्येकदा असा शिक्षक मुलांबरोबर स्वतःही विषय शिकू लागे, आणि आपला शिक्षक आपल्याबरोबर चुकतो आहे हे पाहण्याचा विद्यार्थ्यांवर होणारा परिणाम कोणत्याही पाठ्यपुस्तकाने साधला नसता.

त्याच वर्षी सॅन अँटोनिओ येथून 'टी-आय-इन' हे खासगी उपग्रह-जाळे सुरू झाले. चित्र एका दिशेने, आवाज दोन्ही दिशांनी, अशी त्याची रचना होती आणि शाळा वर्गणी भरून विषय विकत घेत. १९८८ मध्ये सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या पुढाकाराने 'स्टार स्कूल्स' योजनेचा कायदा झाला. पहिल्या वर्षी चार भागीदार-समूहांना मिळून सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर दिले गेले. त्यांत टी-आय-इनचा समूह होता, ओक्लाहोमा स्टेटच्या नेतृत्वाखालचा विद्यापीठ-समूह होता आणि सार्वजनिक चित्रवाणी केंद्रांनी उभारलेली, जपानी-रशियन शिकवणारी उपग्रह-संस्थाही होती. काँग्रेसच्या तंत्रज्ञान-मूल्यमापन कार्यालयाने नोव्हेंबर १९८९ मध्ये दूरशिक्षणाचा सविस्तर आढावा घेतला. १९८७ मध्ये दहाहून कमी राज्ये दूरशिक्षणाला चालना देत होती; दोनच वर्षांत जवळजवळ सर्व राज्ये त्यात गुंतली होती, अशी नोंद त्यात आढळते.

या भरभराटीच्या काळातील अडचणी मात्र शैक्षणिक कमी आणि घंटेच्या जास्त होत्या. थेट प्रक्षेपण ठरलेल्या वेळेला होई. एका शाळेची तासिका पन्नास मिनिटांची, दुसरीची पंचेचाळीस. एकीची मधली सुट्टी बाराला, दुसरीची पावणेबाराला. कोठे वसंताची सुट्टी मार्चमध्ये, कोठे एप्रिलमध्ये. त्यात मध्यवर्ती आणि पर्वतीय प्रमाणवेळेचा एका तासाचा फरक. शाळेने आपले सारे वेळापत्रक तीन मुलांच्या रशियनसाठी हलवावे, की त्या तीन मुलांनी अर्धा तास उशिरा येऊन ध्वनिचित्रफीत पाहावी? दुसरा प्रश्न पात्रतेचा. शिक्षकाचा परवाना राज्याचा असतो. टेक्ससमधून शिकवणारा शिक्षक मिसिसिपीच्या कायद्याप्रमाणे शिक्षक ठरतो का, हा प्रश्न आज क्षुल्लक वाटेल. तेव्हा त्यापायी एकाच व्यक्तीला अनेक राज्यांच्या अटी पुऱ्या कराव्या लागत. आणखी एक उणीव हिशोबात दिसत नसे. पाठ विकत घेणारी शाळा कायम घेणारीच राही. तिच्या स्वतःच्या शिक्षकांचे ज्ञान, एखाद्याने वर्षानुवर्षे हौसेने जोपासलेला व्यासंग, यांना या व्यवस्थेत दारच नव्हते.

विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा या राज्यांतील काही शाळासमूहांनी हे दार १९७० च्या दशकाच्या अखेरीपासूनच किलकिले केले होते. विस्कॉन्सिनमधील ट्रेंपलो परगण्यातील शेजारशेजारच्या शाळांनी केबल टाकून दोन्ही बाजूंनी चित्र-आवाज जाईल अशी जोडणी केली. एका शाळेने स्पॅनिश द्यावे, दुसरीने उच्च गणित, तिसरीने आणखी काही. आयोवा राज्याने पुढे १९९३ पासून आपल्या सर्व, म्हणजे ९९, परगण्यांना प्रकाशतंतूंनी जोडणारे सरकारी जाळेच चालू केले. या छोट्या केबल-समूहांना देशपातळीवर फारशी कीर्ती मिळाली नाही; उपग्रहाच्या तबकडीसमोर केबलचे काय कौतुक! परंतु सावडीचे तत्त्व प्रथम तिथे रुजले, आणि त्यांनीच तिची मर्यादाही दाखवली. केबल जेवढ्या गावांना जोडते तेवढ्यांतच देवघेव, आणि घंटा सर्वांनी एकाच वेळी वाजवायची ही अट कायम.

ती अट सुटली १९९७ मध्ये. मॅसॅच्युसेट्समधील हडसन या लहान गावाचा शालेय जिल्हा आणि शेजारच्या कॉनकॉर्ड येथील 'कॉनकॉर्ड कन्सॉर्शियम' ही संशोधनसंस्था यांना १९९६ मध्ये केंद्र सरकारचे पाच वर्षांचे अनुदान मिळाले. हडसनचे अधीक्षक शेल्डन बर्मन आणि कन्सॉर्शियमचे संस्थापक, भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट टिंकर यांच्या पुढाकाराने 'व्हर्च्युअल हायस्कूल' या नावाचे जाळे उभे राहिले. पहिल्या वर्षी सुमारे तीस विषय आणि काहीशे विद्यार्थी, एवढाच त्याचा पसारा होता. वर्ग इंटरनेटवर चालत. शिक्षक आठवड्याचे काम आखून देत आणि विद्यार्थी आपापल्या शाळेच्या वेळापत्रकात ज्या तासाला मोकळे असतील त्या तासाला ते करत. आठवडा सर्वांचा एक, तास ज्याचा त्याचा.

या जाळ्याचा नियम एका वाक्यात मावतो. शाळेने आपला एक शिक्षक एका विषयापुरता जाळ्याला द्यावा आणि त्या मोबदल्यात आपल्या विद्यार्थ्यांसाठी साऱ्या जाळ्यातील विषयांत मिळून सुरुवातीला वीस, पुढे पंचवीस जागा घ्याव्यात. शिक्षकाचा पगार त्याचीच शाळा देई. त्याच्या दैनंदिन तासिकांपैकी एक तासिका या वर्गासाठी राखली जाई. शिवाय प्रत्येक शाळेने एक समन्वयक नेमावा, म्हणजे पुन्हा तोच खोलीतला माणूस. वीस जागा एकाच विषयात नसत. एक विद्यार्थी खगोलशास्त्रात, दोन जैवनीतिशास्त्रात, एक काव्यलेखनात, असे ते विखुरत. आणि एका शाळेच्या शिक्षकासमोर जो वर्ग भरे त्यात अनेक राज्यांतील मुले बसत. जी मागणी एका शाळेत एका विद्यार्थ्याएवढी होती, ती वीस शाळांतून गोळा होऊन एक पूर्ण वर्ग बनू लागली. आरंभीची 'आठांसाठी तीन शिक्षक' ही अडचण इथे हिशोबाने सुटली.

एक परिणाम मात्र योजना आखणाऱ्यांनाही पुरता अपेक्षित नसावा. ऐच्छिक विषय हा विद्यार्थ्याच्या इच्छेचा असतो असे आपण धरून चालतो. या जाळ्याने तो शिक्षकाच्याही इच्छेचा केला. छोट्या शाळेतला इंग्रजीचा शिक्षक वीस वर्षे तोच नेमलेला अभ्यासक्रम शिकवत असतो. लोककथा, मिथके आणि विधी यांचा त्याचा व्यासंग असला तरी त्या विषयाचा वर्ग त्याच्या गावात कधीच भरणार नसतो. जाळ्यात तो भरला. तसा विषय पहिल्या काही वर्षांच्या यादीत होता आणि त्याला विद्यार्थीही मिळाले. यासाठी शिक्षकाला किंमत मोजावी लागे ती अशी की वर्ग उघडण्यापूर्वी त्याने कित्येक महिन्यांचे, पदव्युत्तर दर्जाचे प्रशिक्षण इंटरनेटवरच पुरे करावे. पडद्यावर शिकवायचे कसे हे तो स्वतः आधी त्याच माध्यमातला विद्यार्थी होऊन शिके. वर्गातील भाषणाची सवय असलेल्या शिक्षकाला लेखी चर्चा चालवणे, प्रत्येक उत्तर वाचून त्याला प्रत्युत्तर देणे, गप्प राहिलेल्या मुलाला शोधून काढणे, हे सारे नव्याने शिकावे लागे. एसआरआय इंटरनॅशनल या संस्थेतील अँड्र्यू झुकर आणि रॉबर्ट कोझ्मा यांनी या जाळ्याचा अनेक वर्षे मागोवा घेऊन २००३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांचा परस्परांशी संवाद समोरासमोरच्या वर्गाइतका होत नाही, ही उणीव त्यांनी दडवलेली नाही.

त्याच सुमारास न्यायालयातही हा प्रश्न पोहोचला होता. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील इंगलवूड येथील विद्यार्थ्यांच्या वतीने राज्याविरुद्ध दावा दाखल झाला. सधन वस्त्यांतील शाळांत प्रगत दर्जाचे कितीतरी विषय उपलब्ध आहेत आणि आमच्या शाळेत मोजकेच. विद्यापीठांच्या प्रवेशात मात्र दोघांना एकाच मापाने मोजले जाते, अशी तक्रार होती. इंगलवूड हे खेडे नव्हे, लॉस एंजेलिसला लागून असलेले शहर आहे, आणि तिथल्या बहुसंख्य मुलांचे आईबाप कृष्णवर्णीय किंवा लॅटिनवंशीय होते. ऐच्छिक विषयाची उपलब्धता ही चैन नसून संधीच्या समानतेचा भाग आहे, हे या दाव्याने अधोरेखित केले. अंतर मैलांचेच असते असे नाही, हेही त्यातून पुढे आले.

विरोधाचे सूरही उमटले, आणि ते निराधार नव्हते. शाळेला जाळ्यातून जर्मन मिळत असेल तर जर्मनच्या शिक्षकाची निवृत्तीनंतरची जागा भरली जाईल का, अशी शंका शिक्षकसंघटना घेत. सावडीच्या नियमात या शंकेला थोडे उत्तर होते, कारण शिक्षक दिल्याशिवाय जागा मिळत नसत. पण त्याच १९९७ मध्ये फ्लोरिडाने वेगळा मार्ग धरला. तिथे राज्यानेच एक आभासी शाळा काढली, तिला स्वतःचे शिक्षक दिले आणि पुढे तिचे अनुदान विद्यार्थ्याने अभ्यासक्रम यशस्वीपणे पुरा करण्याशी जोडले. ती झपाट्याने वाढली. संख्येच्या बाबतीत हडसनचे जाळे तिच्या जवळपासही पोहोचले नाही. गळतीचे काय? नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी २००८ च्या सुमारास ग्रामीण शाळांतील दूरस्थ विषयांचा अभ्यास केला, तेव्हा वर्गात बसणाऱ्या स्थानिक मदतनिसाला मुलांशी कसे वागावे याचे प्रशिक्षण दिलेल्या ठिकाणी विद्यार्थी अधिक काळ टिकून राहतात असे दिसले. मदतनिसाला विषय शिकवण्यात आलेला नव्हता.

भारतात ही समस्या निराळ्या नावाने वावरते. तुकडी मंजूर होण्याइतके विद्यार्थी नसतील तर विषय नाही, हा नियम महाराष्ट्रातल्या कनिष्ठ महाविद्यालयांत अर्धमागधी, पाली किंवा तत्त्वज्ञान घेऊ पाहणाऱ्याला चांगला माहीत आहे. महाराष्ट्राबाहेर तीच गत मराठीची होते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. पण बडोदे, इंदूर, हैदराबाद अशा ठिकाणी मराठी घरांतील मुले अनेक शाळांत विखुरलेली असतात, आणि यादीतील विषय त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी शाळेत शिक्षक असावा लागतो. १९७९ मध्ये मंडळाच्या अंतर्गत प्रकल्प म्हणून सुरू झालेली, १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय आणि २००२ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था झालेली व्यवस्था मोठी आहे आणि तिने असंख्यांना परीक्षेचे दार उघडले आहे. तिचा विद्यार्थी मात्र शाळेबाहेरचा, एकेकटा. शाळेत राहून, शाळेच्याच तासिकेत, दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाकडून एक विषय घेण्याची सोय हा तिचा हेतू नव्हे. साइटपासून २०२० च्या साथीतील 'पीएम ई-विद्या'पर्यंत भारतातील प्रयत्नांचा प्रवाह केंद्राकडून शाळेकडे असा राहिला आहे. शाळेकडून शाळेकडे वाहणारा ओघ त्यात क्षीण आहे.

हडसनच्या जाळ्याचे अनुदान २००१ मध्ये संपले. बहुतेक अनुदानित उपक्रम या टप्प्यावर विरून जातात. हे टिकले, कारण त्याची मूळ भांडवली वस्तू, म्हणजे शिक्षकाचा तास, शाळाच पुरवत होत्या. त्याची स्वतंत्र, ना-नफा संस्था झाली आणि सभासद-शाळांकडून वर्गणी घेतली जाऊ लागली. कालांतराने शिक्षक न देता केवळ विद्यार्थ्यांसाठी जागा विकत घेण्याची मुभाही शाळांना मिळाली. ज्या शाळेत मुळातच शिक्षक अपुरे, तिला एक तास काढून देणे जमत नसे. तिच्यासाठी ही सोय आवश्यक होती. अलीकडच्या काळात 'व्हीएचएस लर्निंग' या नव्या नावाने काम करणाऱ्या या संस्थेत दोन्ही प्रकारच्या शाळा आहेत : शिक्षक देऊन जागा घेणाऱ्या, आणि पैसे देऊन घेणाऱ्या. समन्वयकाची अट दोघींनाही सारखीच लागू आहे.